जांघेतील लसीका ग्रंथी आणि हत्तीपायावरील शस्त्रक्रिया

कालव्याचे पाणी शेतापर्यंत पोचले की शेतकऱ्याची चिंता मिटली, असे आपण बराच काळ मानीत आलो. परंतु काळ्या जमिनीच्या सिंचनक्षेत्रात अनेक ठिकाणी निराळाच अनुभव आला. पाणी येत राहिले, पण ते निघून जाण्याचे मार्ग बुजले. त्यामुळे जमीन प्रथम चिबड झाली आणि पुढे क्षारपड बनली. शेतात पाणी आणण्याइतकेच जादा पाण्याचा निचरा करणेही अगत्याचे आहे, हा धडा त्यातून मिळाला.

मानवी शरीरालाही हाच नियम लागू आहे. हृदयातून निघणाऱ्या रोहिण्या शरीराच्या कानाकोपऱ्यात रक्त पोचवितात आणि नीला ते परत आणतात, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. रक्तातून झिरपून पेशींभोवती साचणारा जादा द्रव परत नेणारी तिसरी यंत्रणाही शरीरात आहे, याची माहिती मात्र फार थोड्यांना असते. या यंत्रणेला लसीका संस्था असे म्हणतात. पायातील निचऱ्याचा मुख्य दरवाजा जांघेत आहे. हा दरवाजा निकामी झाला की पाय सुजतो, कातडी जाड होते आणि वर्षानुवर्षांनी त्याचा हत्तीपाय होतो. जांघेतील कोणती ग्रंथी शरीराच्या कोणत्या भागाचा निचरा करते, हे नेमके कळल्याखेरीज या सुजेवर सुरक्षित शस्त्रक्रिया करता येत नाही. हे ज्ञान कसे मिळाले आणि गावपातळीवर काम करणाऱ्यांना त्याचा काय उपयोग, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लसीका म्हणजे काय?

रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांतून वाहत असता त्यातील पाणी, क्षार आणि थोडी प्रथिने वाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर झिरपतात. याच द्रवातून पेशींना अन्न मिळते. परंतु झिरपलेला सर्व द्रव त्याच मार्गाने रक्तात परत जात नाही. विशेषतः प्रथिनांचे मोठे रेणू केशवाहिन्यांत पुन्हा शिरू शकत नाहीत. त्यांना उचलून नेण्याचे काम लसीका वाहिन्या करतात. लसीका वाहिन्यांत शिरलेल्या या द्रवालाच लसीका म्हणतात.

लसीका वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या आत ठिकठिकाणी झडपा असतात आणि भिंतींना स्वतःचे आकुंचन असते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू दाबले जातात, श्वासाबरोबर छातीतील दाब कमीजास्त होतो आणि त्या जोरावर लसीका हळूहळू वर चढते. पायाच्या बोटांपासून निघालेली लसीका जांघ, ओटीपोट आणि छाती असा प्रवास करीत अखेर मानेच्या तळाशी डाव्या बाजूच्या मोठ्या नीलेत मिसळते. या मार्गावरील शेवटच्या मोठ्या नळीला वक्षनलिका म्हणतात. प्रौढ माणसात या नलिकेतून दिवसाकाठी दोन लिटर किंवा त्याहूनही अधिक लसीका रक्तात परत येते. हा ओघ थांबला तर काय होईल, याची कल्पना या आकड्यावरून करता येईल.

या वाहिन्यांचा शोध तसा उशिराच लागला. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ गास्पारे आसेल्ली यांना १६२२ मध्ये नुकत्याच खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या आतड्यांलगत दुधासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या. फ्रान्समधील झां पेके यांनी १६५१ मध्ये वक्षनलिकेचे वर्णन प्रसिद्ध केले, तर डेन्मार्कमधील थॉमस बार्थोलिन यांनी १६५३ मध्ये या वाहिन्यांना लसीका वाहिन्या हे नाव दिले.

जांघेची रचना

लसीका वाहिन्यांच्या मार्गावर घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या ग्रंथी असतात. लसीका त्यांतून गाळली जाते आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी तेथे सज्ज होतात. मान, काख आणि जांघ या तीन ठिकाणी या ग्रंथींचे मोठे समूह आहेत.

जांघेतील ग्रंथींचे दोन थर आहेत. कातडीखालच्या चरबीत असणाऱ्या ग्रंथींना उत्तान ग्रंथी म्हणतात. त्या साधारणतः दहाच्या आसपास असतात. मांडीच्या स्नायूंवरील घट्ट पडद्याखाली, मोठ्या नीलेच्या आतील अंगाला, एक ते तीन खोल ग्रंथी असतात. क्वचित त्याहून अधिकही आढळतात. खोल ग्रंथींपैकी सर्वांत वरची ग्रंथी मांडीतून ओटीपोटात जाण्याच्या वाटेवरच बसलेली असते. फ्रेंच शस्त्रवैद्य क्लोके यांच्या नावाने ती ओळखली जाते.

उत्तान ग्रंथींची मांडणी लक्षात ठेवण्यास सोपी आहे. मराठी वर्णमालेतील अक्षरावर शिरोरेघ असावी आणि तिच्याखाली काना असावा, तशी ही रचना आहे. आडव्या रांगेतील ग्रंथी जांघेच्या घडीलगत, पोट आणि मांडी यांच्या सीमेवर असतात. उभ्या रांगेतील ग्रंथी त्याखाली, घोट्यापासून पायाच्या आतील बाजूने वर येणाऱ्या लांब नीलेच्या शेवटच्या टप्प्याशेजारी असतात.

प्रत्येक रांगेचे कार्यक्षेत्र ठरलेले आहे. उभी रांग पायाच्या कातडीतील बहुतेक लसीका स्वीकारते. टाचेची बाहेरची बाजू आणि पोटरीचा मागचा भाग यांची लसीका मात्र प्रथम गुडघ्यामागच्या खळग्यातील ग्रंथींत जाते व तेथून खोल मार्गाने वर येते. आडव्या रांगेच्या बाहेरील टोकाकडे बेंबीखालील पोटाची कातडी आणि नितंब यांचा निचरा होतो. आतील टोकाकडे बाह्य जननेंद्रिये आणि गुदद्वाराचा खालचा भाग यांची लसीका येते.

यात एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वृषणाच्या पिशवीच्या कातडीचा निचरा जांघेत होतो, पण आतील वृषणाचा होत नाही. गर्भावस्थेत वृषण पोटात तयार होते व नंतर खाली उतरते. त्यामुळे त्याच्या लसीका वाहिन्या पोटातील ग्रंथींकडेच परत जातात. शरीराची रचना शिकविताना शिक्षकांना हे उदाहरण उपयोगी पडेल.

वर वर्णन केलेली मांडणी सर्वसाधारण आहे. ग्रंथींची संख्या, आकार आणि नेमकी जागा प्रत्येक व्यक्तीत थोडीफार निराळी असते. एकाच माणसाच्या उजव्या व डाव्या जांघेतही फरक आढळतो. पुढे शस्त्रक्रियेचा विचार करताना या गोष्टीचे महत्त्व स्पष्ट होईल.

अवधाण येते तेव्हा

पायाच्या बोटाला ठेच लागली, काटा मोडला किंवा बेचक्यात चिखल्या झाल्या की दोन दिवसांनी जांघेत दुखरी गाठ येते. आपल्याकडे तिला अवधाण म्हणतात. जखमेतील जंतू लसीकेबरोबर वर आले असून ग्रंथीने त्यांना अडविले आहे, असा त्याचा अर्थ असतो. म्हणून जांघेत गाठ दिसली की तिच्या कार्यक्षेत्रातील सर्व भाग तपासावयाचे असतात. पाय, जननेंद्रिये, गुदद्वार, नितंब, बेंबीखालचे पोट यांपैकी कोठे तरी मूळ कारण सापडण्याचा संभव असतो.

मूळ जखम बरी झाली की गाठ सामान्यतः ओसरते. परंतु काही आठवडे उलटूनही गाठ तशीच राहिली, कठीण किंवा न दुखणारी असली, वाढत गेली अथवा बरोबर ताप व वजनात घट असली तर क्षयरोग किंवा कर्करोग यांची शंका घेऊन तपासणी करून घ्यावी. जांघेतील प्रत्येक गाठ ग्रंथीचीच असते असेही नाही. खोकताना फुगणारी आणि आडवे झाल्यावर आत जाणारी गाठ अंतर्गळाची असू शकते. अशा ठिकाणी वैदूकडून चिरा देणे किंवा डाग देणे प्राणावर बेतू शकते. ग्रंथी विनाकारण कापली गेली तर निचऱ्याचा मार्गही कायमचा दुखावतो.

हत्तीरोगाचे मूळ

पायाच्या निचऱ्यावर आघात करणारा, आपल्या राज्याशी संबंध असलेला मोठा रोग म्हणजे हत्तीरोग. सुश्रुतसंहितेत श्लीपद या नावाने त्याचे वर्णन आहे. महाराष्ट्रात पूर्व विदर्भातील नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांना हा रोग पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे.

या रोगाचे कारण शोधण्यात भारताचाही वाटा आहे. ब्राझीलमध्ये ओटो वुखेरर यांना १८६६ मध्ये रुग्णाच्या मूत्रात सूक्ष्म कृमी दिसले. कलकत्त्यात टिमोथी लुईस यांना १८७२ मध्ये ते माणसाच्या रक्तात आढळले. ऑस्ट्रेलियात जोसेफ बँक्रॉफ्ट यांना १८७६ मध्ये पूर्ण वाढलेला कृमी सापडला. १८७७ मध्ये चीनमधील अमोय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी या कृमींची वाढ डासाच्या शरीरात होते, असे दाखवून दिले. रोगप्रसारात कीटकाचा हात असल्याचा हा एक आद्य पुरावा होय. आपल्याकडे घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हा प्रसार करतो.

पूर्ण वाढलेले कृमी दोऱ्यासारखे बारीक असून त्यांची मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब असते. पाय, जांघ आणि वृषण यांच्या लसीका वाहिन्यांत ते वर्षानुवर्षे राहतात. ग्रंथी बुजल्यामुळे पाय सुजतो, अशी पूर्वी समजूत होती. प्रत्यक्षात कृमींमुळे वाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या झडपा निकामी होतात, असे पुढे दिसून आले. वर चढलेली लसीका मग पुन्हा खाली उतरते. अशा पायात बारीकशा भेगेतून जंतू शिरले की थंडीताप, लाली व वेदना यांचा झटका येतो. प्रत्येक झटक्यानंतर वाहिन्या व ग्रंथी अधिक कठीण होतात आणि सूज वाढते. कृमी मेले तरी हे झटके चालूच राहतात. म्हणूनच कृमीनाशक गोळ्या रोगाचा प्रसार थांबवितात, परंतु जुनी सूज त्यांनी उतरत नाही.

शस्त्रक्रियेची वाटचाल

आरंभीच्या शस्त्रक्रिया सूज कापून काढण्याच्या होत्या. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात काम केलेले सर हॅवलॉक चार्ल्स यांचे नाव अशा एका शस्त्रक्रियेला मिळाले असून त्यांचे लेखन १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत जाड झालेली कातडी व तिच्याखालचा सुजलेला भाग स्नायूंच्या पडद्यापर्यंत काढून त्यावर त्वचारोपण करतात. पायाचा भार त्यामुळे कमी होतो. परंतु चिबड जमिनीवरील माती खरवडून काढावी, तसाच हा उपाय आहे. निचरा त्याने सुधारत नाही. फार वाढलेल्या सुजेत मात्र आजही अशा शस्त्रक्रियेचा आधार घ्यावा लागतो.

यानंतर निचऱ्यासाठी नवी वाट काढण्याचा विचार पुढे आला. पोलंडमधील नीलुबोविच व ओल्शेव्स्की यांनी १९६८ मध्ये जांघेतील ग्रंथी कापून तिचे तोंड शेजारच्या नीलेला शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पायाची लसीका याच ग्रंथीत गोळा होते आणि मोठी नीला तिच्या शेजारीच असते. जांघेच्या या रचनेमुळेच ही शस्त्रक्रिया शक्य झाली. चरातील पाणी दूरवर नेण्याऐवजी जवळच्या ओढ्यातच सोडावे, तसा हा प्रकार आहे. हत्तीरोगात जांघेतील ग्रंथी व वाहिन्या मोठ्या झालेल्या असल्याने भारतात, विशेषतः तमिळनाडूत तंजावर येथे, या पद्धतीचा उपयोग करण्यात आला. जोडाचे तोंड रक्त गोठून किंवा वण येऊन बंद होणे, हा या पद्धतीतील मुख्य धोका आहे. सूक्ष्मदर्शकाखाली एक मिलिमीटरहूनही बारीक लसीका वाहिन्या लहान नीलांना जोडण्याचे तंत्र पुढे जपानमध्ये विकसित झाले.

एकाची ग्रंथी दुसऱ्या जागी

ग्रंथींच्या रचनेचे ज्ञान सर्वांत निर्णायक ठरले ते ग्रंथी-प्रत्यारोपणात. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील ग्रंथी काढाव्या लागल्या की काही स्त्रियांचा हात पुढे कायमचा सुजतो. जांघेतील काही ग्रंथी त्यांच्या रोहिणी व नीलेसह काढून अशा रुग्णाच्या काखेत बसवाव्यात, ही पद्धत फ्रान्समधील शस्त्रवैद्य कोरीन बेकर यांनी रूढ केली. बसविलेली ग्रंथी आसपासची लसीका शोषून आपल्या नीलेत सोडते आणि तिच्याभोवती नव्या लसीका वाहिन्या फुटण्यास चालना मिळते, असे मानले जाते.

परंतु येथे एक गंभीर प्रश्न उभा राहिला. ज्या जांघेतून ग्रंथी घेतली त्या बाजूचा पाय सुजल्याची उदाहरणे पुढे आली. हाताचा भार हलका करण्यासाठी आलेल्या रुग्णाने सुजलेला पाय घेऊन घरी जावे, यासारखी दुःखाची गोष्ट नाही. कारण उघड होते. काढलेल्या ग्रंथींत पायाचा निचरा करणारी ग्रंथी गेली होती.

तेव्हा शास्त्रज्ञांनी जांघेचा पुन्हा बारकाईने अभ्यास केला. त्यातून स्थूलमानाने असे दिसले की, पायाची लसीका घेणाऱ्या मुख्य ग्रंथी जांघेच्या घडीच्या खाली, आतील अंगाला आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या जवळ असतात. पोटाच्या खालच्या भागाची लसीका घेणाऱ्या ग्रंथी त्यांच्या वर व बाहेरच्या अंगाला असतात आणि त्यांना रक्तपुरवठा करणारी रोहिणी कमरेच्या हाडाकडे वळणारी असते. घ्यावयाच्या असतील तर या वरच्या व बाहेरच्या ग्रंथीच घ्याव्यात, खालच्या व आतल्या ग्रंथींना हात लावू नये, असा दंडक त्यातून पुढे आला.

मात्र रचना व्यक्तीगणिक बदलत असल्याने केवळ नकाशावर विसंबता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पायाच्या बोटांच्या बेचक्यांत किरणोत्सर्गी द्रव्याची सौम्य मात्रा टोचतात आणि पोटाच्या खालच्या कातडीत चमकणारे हिरवे रंगद्रव्य टोचतात. किरणमापक ज्या ग्रंथीवर संकेत देतो ती पायाची, तिला वगळावयाचे. जी हिरवी चमकते ती पोटाची. ती घेता येते. काही शस्त्रवैद्य तर जांघ टाळून हनुवटीखालील, मानेतील किंवा पोटातील ग्रंथींची निवड करतात.

या सर्व शस्त्रक्रियांची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. त्या सूज कमी करतात व जंतुसंसर्गाचे झटके घटवू शकतात. परंतु मूळची लसीका संस्था पूर्ववत करून देणारी शस्त्रक्रिया अद्याप उपलब्ध नाही. शस्त्रक्रियेनंतरही दाबपट्ट्या व पायाची निगा सोडता येत नाही.

गावाने करावयाचे काम

बहुसंख्य रुग्णांना उपयोगी पडणारा उपाय साधा आहे. तो म्हणजे जांघेतील ग्रंथींवर जंतूंचा भार पडू न देणे. सुजलेला पाय रोज साबण व स्वच्छ पाण्याने धुवावा. बोटांच्या बेचक्या व कातडीच्या घड्या मऊ फडक्याने टिपून कोरड्या कराव्यात. भेगा व चिखल्यांवर आरोग्य केंद्रातून मलम घ्यावे. बसताना व झोपताना पाय उंच ठेवावा, घोटा वरखाली हलविण्याचा व्यायाम करावा आणि पायात मापाची चप्पल असावी. थंडीतापाचा झटका आला तर विश्रांती घेऊन लगेच उपचार करून घ्यावेत. पाय चोळणे, शेकणे वा त्यावर चिरे देणे टाळावे. ज्यांना अंडवृद्धी म्हणजे हायड्रोसील आहे, त्यांनी संकोच न करता तपासणी करून घ्यावी; शस्त्रक्रियेने ही व्यथा दूर होऊ शकते.

ग्रामपंचायतींनी गटारे वाहती ठेवावीत आणि शौचालयाच्या हवानळीला जाळी बसविण्याचा आग्रह धरावा, म्हणजे क्युलेक्स डासाची पैदास घटेल. हत्तीरोगविरोधी सार्वत्रिक औषधोपचार मोहिमेत गोळ्या घरात ठेवून न देता कर्मचाऱ्यासमोरच घेतल्या जाव्यात, याकडे सदस्यांनी लक्ष द्यावे. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व गंभीर आजारी व्यक्ती यांना या गोळ्या द्यावयाच्या नसतात. तीन औषधे एकत्र देण्यासाठी देशात आरंभी जे मोजके जिल्हे निवडले गेले त्यांत नागपूरचा समावेश होता. २०२७ पर्यंत हत्तीरोगाचे दुरीकरण करण्याचे उद्दिष्ट देशाने ठरविले आहे. निरोगी दिसणाऱ्यांनीही गोळी घेतली, तरच ते साध्य होईल. कारण सूज दिसण्याच्या कितीतरी आधीपासून कृमी शरीरात राहत असतात.

शिक्षकांवर आणखी एक जबाबदारी आहे. सुजलेल्या पायाच्या माणसाची टवाळी होते, मुलीचे लग्न अडते, मजुरी सुटते आणि शेवटी रुग्ण घराबाहेर पडेनासा होतो. हा पाय शापाचा किंवा पापाचा नसून निचरा बिघडल्याचा परिणाम आहे, हे वर्गात समजावून सांगितले तर मुले ते घरी नेतील. फळ्यावर एक पाय काढून त्याच्या वरच्या टोकाला जांघेतील ग्रंथींच्या दोन रांगा दाखवाव्यात आणि बोटाच्या जखमेतून जंतू तेथवर कसे पोचतात, ते बाणांनी दाखवावे. एवढा एक पाठ पुरेसा आहे. शेताच्या बांधालगतचा चर पावसाळ्यापूर्वी साफ करण्याचे महत्त्व जो शेतकरी जाणतो, त्याला रोज पाय धुण्याचे महत्त्व पटवून देणे कठीण जाऊ नये.